काडीबाईची पांढरी शिवण

माझी आणि काडीबाईची पहिली भेट दातांच्या दवाखान्यात झाली आणि त्या भेटीत तिने मला पेटवलं. ती म्हणते, फक्त धागा पेटवला. पण शर्ट ज्याच्या अंगात होता त्याला विचारा.

मी सुजलेला गाल हातात धरून बाकावर बसलो होतो. शेजारी एक काटकुळी बाई, पस्तिशीच्या आसपासची, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, माझ्याकडे टक लावून पाहत होती. पन्नाशीतल्या माणसाकडे कोणी बाई इतकं निरखून पाहू लागली की तो आधी पोट आत घेतो. मीही घेतलं. नंतर कळलं की ती माझ्याकडे नव्हे, माझ्या कॉलरकडे पाहत होती.

"सुती आहे?" तिने विचारलं.

"शंभर टक्के," मी जमेल तितकं तोंड उघडून म्हणालो. "लेबलवर लिहिलंय."

"लेबलवर काय, कोणीही काहीही लिहितं. एक धागा घेऊ?"

दातदुखीवरचा काहीतरी घरगुती उपाय असेल असं समजून मी मान डोलावली. तिने माझ्या शर्टाच्या खालच्या कडेचा एक धागा ओढला, पर्समधून काड्यापेटी काढली आणि भर दवाखान्यात काडी ओढली. पुढची हकीकत मी आजवर जिथे जिथे सांगितली तिथे तिथे ती थोडी वाढत गेली आहे, तरी मूळ गाभा असा: नावं पुकारणारी मुलगी टेबलाखाली गेली. आतल्या खुर्चीत अर्धा जबडा बधिर केलेला एक सद्‌गृहस्थ गळ्यातल्या रुमालासकट थेट रस्त्यावर पोचला. डॉक्टर हातातलं फिरतं यंत्र न थांबवता बाहेर आले, त्यामुळे उरलेले रोगीही पळाले. आणि माझा दात दुखायचा थांबला.

या सगळ्या गोंधळात काडीबाई शांतपणे चिमटीतला धागा न्याहाळत होती. धागा जळला नाही. आक्रसला, वितळला आणि टोकाला एक काळा, कडक मणी धरून बसला.

"प्लास्टिक," ती म्हणाली. "सूत जळलं की कागदासारखा वास येतो आणि राख भुरभुरते. हे बघा, मणी झाला. निम्मं तरी प्लास्टिक घालून हिंडताय."

जो शर्ट घालून मी गेले दोन उन्हाळे 'सुतीची मजाच वेगळी' असं भेटेल त्याला ऐकवत होतो, त्या शर्टाची अशी शोभा झाली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीत बसली. "अहो, ती आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाच्या वर राहते. तिने माझ्या दोन साड्या आधीच जाळून पाहिल्यात."

ओळख झाली ती अशी. खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण बाजारातल्या व्यापाऱ्यांनी ठेवलेलं 'काडीबाई' हेच चिकटलं. ती दारात दिसली की कापडवाले म्हणे पंखा मोठा करायचे, काडी विझावी म्हणून.

सायकलच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत जुन्या दाराची फळी चार पायांवर टाकून केलेलं कापायचं टेबल आणि खिडकीशी तिच्या वडिलांचं शिवणयंत्र. मागच्या खोलीत कापडाचे तागे, एक स्टोव्ह, दोन पलंग आणि हँगरला लटकलेली जॅकेटं. त्यामुळे रात्री झोपायला जाताना गर्दीतून वाट काढल्यासारखं वाटायचं. खालून दिवसभर हवा भरायच्या पंपाचा आवाज आणि रबराचा वास. या दोन खोल्यांत काडीबाई आणि तिचे वडील मिळून कपड्यांचा ब्रँड चालवत होते. ब्रँड म्हणजे काय, हे वडिलांना अखेरपर्यंत नीट कळलं नाही. ते आयुष्यभर शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. "आधी मी कपडे शिवायचो," ते सांगत, "आता तेच कपडे शिवतो, पण हिच्या परवानगीने."

काडीबाईचा नियम एकच होता आणि तो ऐकायला फार सोपा होता. कपड्यावरच्या प्रत्येक वस्तूला आपण कुठून आलो ते सांगता आलं पाहिजे. कापूस कुणाचा, विणला कुणी, विणणाऱ्याला पोटभर मिळालं का, रंग कशाचा, त्या रंगाचं पाणी पुढे कुठे गेलं. एरवी माणूस स्वतःच्या जावयाचीदेखील इतकी चौकशी करत नाही.

एकदा तिच्याबरोबर बटणं घ्यायला गेलो होतो. बटणवाला पिढीजात. दुकानात छतापर्यंत खोकी.

"ही कशाची आहेत?" काडीबाईने विचारलं.

"बटणाची," तो म्हणाला.

"तसं नाही. येतात कुठून?"

"खोक्यातून."

"आणि खोकं?"

"गोदामातून."

"गोदामात कुठून येतं?"

बटणवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, तुम्हाला बटणं घ्यायचीत की त्यांच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

कापडवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते कशालाच नाही म्हणत नसत. "सेंद्रिय कापूस आहे का?" "एकदम सेंद्रिय." "कशावरून?" "मी सांगतोय की!" एकाने तर अभिमानाने भिंतीवरची फ्रेम काढून दाखवली. प्रमाणपत्र खरंच सेंद्रियतेचं होतं, फक्त ते मधाचं होतं. काडीबाईने ते दाखवून दिल्यावर तो जराही न लाजता म्हणाला, "प्रमाणपत्र ते प्रमाणपत्र. आता मधाला दिलंय म्हणजे माणसं चांगलीच असणार ना?"

शेवटी कापड तिला मिळालं ते बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका हातमागवाल्याच्या शेडमध्ये. मीही गेलो होतो. मला बसचा प्रवास आवडतो आणि घरी रंगकाम चाललं होतं. मालकाने मोठ्या हौसेने कापड उलगडलं. काडीबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्याकडे बायका कामाला आहेत ना? त्यांचा संडास कुठे आहे?"

मालकाला वाटलं, प्रवासाने निकड लागली असेल. त्याने अदबीने दार दाखवलं. ती आत गेली, लगेच बाहेर आली. "आतून कडी नाही."

"बाहेरून एकीने धरायचं, असं चालतं त्यांचं," मालक म्हणाला.

"मग मी पुन्हा येते. कडी बसवली की कळवा."

"अहो बाई, कापड तर बघा! कापडाचा आणि कडीचा काय संबंध?"

"जो मालक कडी बसवत नाही तो मजुरी वेळेवर देत असेल, यावर मी कसा विश्वास ठेवू?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण परतीची बस संध्याकाळीच होती. पण मागांवरच्या बायकांपैकी एक हळूच हसली, मग दुसरी, मग सगळे माग थांबले आणि मालकाला हसू येईपर्यंत सुरू झाले नाहीत. दुपारच्या आत त्याने माणूस पाठवून कडी आणवली. काडीबाईने ती स्वतः तीनतीनदा लावून पाहिली आणि मगच कापडाला हात लावला. कापड खरोखर सुंदर होतं. जाळल्यावर कागदासारखा वास आला.

अशीच बटणं मिळाली, करवंटी घासून बटणं करणाऱ्या एका जोडप्याकडून. रंग मिळाला डाळिंबाच्या सालींतून आणि गंजक्या खिळ्यांच्या पाण्यातून. त्यासाठी फळांच्या रसाच्या गाड्यावरून पोतीच्या पोती साली यायच्या, आणि त्या कमी पडल्या की आमच्या घरी डाळिंबं खायची सक्ती व्हायची. सर्वांत जास्त जीव काढला तो शिवायच्या धाग्याने. कापड सुती असलं तरी जगातले बहुतेक सगळे शिंपी ते प्लास्टिकच्याच धाग्याने शिवतात, ही गोष्ट काडीबाईला असह्य होत होती. महिनोन्‌महिने विचारपूस करून तिने कुठल्याशा दूरच्या गिरणीतून अस्सल सुती धाग्याची रिळं मागवली. आल्या आल्या त्यातला एक धागा जाळला, राख बोटांवर चोळली आणि आम्हा सगळ्यांना वास घ्यायला लावला. इतक्या आनंदाने मी कुणाला राख हुंगताना पाहिलेलं नाही.

आणि मग ती ऑर्डर आली. शहराच्या चकचकीत भागात एका ताईंचं कपड्यांचं दुकान होतं. आत कुंड्या, मंद दिवे आणि किमतीची चिठ्ठी उलटी लावायची पद्धत, म्हणजे गिऱ्हाइकाला धक्का एकदम बसू नये. त्या ताईंनी थंडीच्या आधी जॅकेटांचा एक पूर्ण रॅक मागितला. माल खपला तर दर हंगामाला एक रॅक. काडीबाईने आमच्या घरी येऊन बायकोला सरळ सांगितलं, "वहिनी, हा माल गेला तर आमचा ब्रँड उभा राहतो. नाही गेला तर बंद. बाबांचे डोळे दमलेत आणि मीही. मग कुठेतरी नोकरी बघायची."

मास्तर कामाला लागले. दोन खोल्यांत जॅकेटांची रांग वाढत गेली, सगळी कोऱ्या कापडाची, पांढरट. रंगवायचं शिवून झाल्यावर, अशी काडीबाईची पद्धत. अख्खा तागा मावेल एवढं पातेलं तिच्याकडे नव्हतं, आणि शिवलेलं जॅकेट रंगात बुडवलं की कापड, काजं, धागा सगळं एकाच रंगात न्हाऊन निघतं.

रंगवायच्या सकाळी मला गच्चीवर ढवळायला बोलावलं. लाकडी वल्हं हातात देऊन काडीबाई म्हणाली, "दादा, तळाला लागू देऊ नका." खालून सायकलवाल्याने ओरडून विचारलं, "आज काय शिजतंय?" "जॅकेट!" मी ओरडलो. "मग मला नको," तो म्हणाला.

तिने काठीने पहिलं जॅकेट वर उचललं. कापडाला असा काही शेवाळी रंग चढला होता की मी वल्हं सोडून टाळ्या वाजवल्या. मग पाणी निथळलं आणि माझे हात तिथेच थांबले. खांद्यावरून, बाह्यांवरून, खिशांच्या कडेने, जिथे जिथे शिवण होती तिथे तिथे पांढऱ्याशुभ्र रेषा. जॅकेट कसलं, जॅकेटचा एक्स-रे.

काडीबाईने काठी टेकवली. तिने शिवणीतला एक टाका कात्रीने तोडला, धागा वाळवला, काडी ओढली. मणी झाला.

प्लास्टिकने रंग घेतलाच नव्हता. दुसरं जॅकेट काढलं. तिसरं. सगळ्यांचे एक्स-रे.

बाजारातल्या प्रत्येकाचा धागा तिने जाळून पाहिला होता. माझा, बायकोचा, गिरणीचा, हातमागवाल्याचा. मास्तरांच्या यंत्रावर काय चढलंय ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. बापाचा धागा कोण जाळून बघतं?

आम्ही खाली उतरलो. मास्तर यंत्राला तेल घालत होते.

"बाबा, जॅकेटांना कुठला धागा लावलात?"

"कुठला म्हणजे? शिवायचा."

"मी आणलेला?"

मास्तर तेलाची कुपी पुसायला लागले. कुपी स्वच्छ होती. "तुझा धागा दर हातभर तुटत होता."

"मग?"

"मग काय! आजवर माझी शिवण उसवली म्हणून एकही माणूस या जिन्याने वर आलेला नाही. तुझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरला येऊ देऊ? लोक म्हणतील, पोरगी कापड सोन्यासारखं आणते, बापाला शिवता येत नाही."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

काडीबाई खिडकीत जाऊन उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "आणलात कुठून?"

"बटणवाल्याकडून," मास्तर म्हणाले. "घट्ट धागा आहे हं. मी ओढून पाहिला."

"आणि माझी रिळं?"

मास्तरांनी पलंगाखालून इस्त्रीचं जुनं खोकं ओढलं. आत सगळी रिळं ओळीने मांडलेली होती. वरती, ओली होऊ नयेत म्हणून, प्लास्टिकचा कागद. तो कागद पाहून मला हसू फुटणार होतं, पण काडीबाईचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

"मी उसवतो," मास्तर म्हणाले. "सगळी उसवतो आणि तुझ्या धाग्याने पुन्हा शिवतो. हळू मारतो यंत्र."

मग दोघं उसवायला बसले. माझी बायकोही मदतीला आली. अडचण अशी झाली की शिवण उसवेना. मास्तरांनी ती उसवू नये म्हणूनच घातली होती आणि तिने त्यांचा शब्द राखला होता. टाका तुटे, पण धागा कापडातून सुटेना. जोर लावला की सुईच्या भोकांशी ते सुंदर कापडच फाटे. मास्तरांचा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. एकीकडे लेकीचं नुकसान पाहून डोळ्यांत पाणी, आणि दुसरीकडे दर टाक्याला माझ्या बायकोला विचारणं, "सुटतेय का हो? नाही ना? बघा!"

"बाबा," काडीबाई म्हणाली, "आनंद थोडा आवरा."

याच वेळी त्या दुकानवाल्या ताई माल बघायला आल्या. जिन्यात सायकलच्या तेलाचा डाग त्यांच्या दुपट्ट्याला लागला होता, त्यामुळे त्या जरा रागातच वर आल्या. पण दोरीवर वाळत घातलेली जॅकेटं पाहिली आणि दुपट्टा विसरल्या.

"अगं, हे काय केलंस!"

"चुकून..."

"काय सुंदर दिसतंय! शेवाळी कापड आणि त्यावर पांढरी शिवण! आधी का नाही दाखवलंस? एकही उसवू नकोस. अशीच दे सगळी. मी तर म्हणते, पुढचाही माल असाच कर."

मास्तर ताठ झाले. बायकोने माझा हात दाबला. मी मनातल्या मनात त्या ताईंना त्यांच्या सगळ्या उलट्या चिठ्ठ्या माफ केल्या.

"ताई, हा धागा प्लास्टिकचा आहे," काडीबाई म्हणाली. "मी तुम्हाला धाग्यासकट सुती म्हणून सांगितलं होतं."

"मग? जॅकेट तर सुतीच आहे. लेबलवर लिही, सुती जॅकेट. धाग्याला कोण विचारतंय?"

"मी विचारते. सगळ्या बाजाराला विचारत आलेय."

"अगं, पण तुला कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही," काडीबाई म्हणाली. "तोच तर घोळ आहे."

शेवटी ठरलं ते असं की जॅकेटं तशीच जातील, पण लेबलवर खरं छापलं जाईल. ताई कपाळाला हात लावून गेल्या. मी लिहिणारा माणूस, तेव्हा मजकूर माझ्याकडे आला. मी सुचवलं, "'बळकट मानवनिर्मित तंतू' असं लिहूया. खोटं नाही आणि भारदस्तही वाटतं." काडीबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी धरली. तिने स्वतः लिहिलं: 'कापड, बटणं आणि रंग जसे सांगितले तसे. धागा प्लास्टिकचा. चूक आमची.'

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. "'आमची' कशाला? 'माझी' लिही. शिवलंय मी."

"ब्रँड दोघांचा आहे, बाबा."

"मग चूक पण दोघांची?"

"मी बघितलं नाही, ही माझी. तुम्ही सांगितलं नाही, ही तुमची. झाली आमची."

मास्तरांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग प्रत्येक लेबल त्यांनी स्वतः शिवलं, लेकीच्या सुती धाग्याने, यंत्र बंद ठेवून, हाताने. धागा तुटला की पुन्हा ओवायचे.

थंडी पडली. जॅकेटं दुकानात लागली आणि मी काहीतरी निमित्त काढून तिथे घुटमळायला जायला लागलो. लोक रॅकपाशी थांबत. शिवणीवरून हात फिरवत. आरशासमोर घालून वळून वळून बघत. आणि मग लेबल वाचत. एका उमद्या दिसणाऱ्या माणसाने ते मोठ्याने बायकोला वाचून दाखवलं. "धागा प्लास्टिकचा म्हणतायत. मग कापडाचं तरी काय खरं मानायचं?" त्याने जॅकेट परत ठेवलं आणि शेजारच्या रॅकवरचं एक चमकदार, पानाचं चित्र काढलेलं जॅकेट घेतलं. त्याच्या लेबलवर कसल्याच चुकीची कबुली नव्हती. माझ्याकडे काडी नव्हती.

ताईंनी काडीबाईला दोनदा फोन केला. "लेबलं कापून टाकते, एका दिवसात रॅक रिकामा होईल." काडीबाई दोन्ही वेळा नको म्हणाली. दुसऱ्या वेळी मास्तर शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस." आणि मग जरा वेळाने, "पण शिवण चांगली दिसत होती, नाही का?"

"दिसत होती, बाबा. फारच चांगली दिसत होती."

हंगाम संपेपर्यंत दोन जॅकेटं खपली. ती दोन्ही आमच्या घरी आहेत. बाकीची ताईंनी टेम्पोने परत पाठवली आणि उन्हाळा लागायच्या आत ब्रँड बंद झाला. काडीबाई आता एका मोठ्या कंपनीत गणवेश तपासायच्या कामावर आहे. गणवेश पॉलिएस्टरचे असतात.